कॅनडातल्या नेत्याची प्रांत ते ओटावा कारकीर्द कशी वाचायची: उज्जल दोसांझ यांचं उदाहरण घेऊन

निवडणुकीच्या आधी आमच्या दाराशी एक कार्यकर्ता आला होता, हातात पत्रक, त्यावर उमेदवाराच्या नावाखाली मोठ्या अक्षरात की हे पूर्वी प्रांतात मंत्री होते. मी दारातच विचारलं, मग आम्हाला दोन वर्षं झाली फॅमिली डॉक्टर का मिळत नाहीये? तो म्हणाला ही फेडरल, म्हणजे देशाच्या संसदेची निवडणूक आहे, डॉक्टरचं सगळं प्रांताकडे असतं. तेव्हा मला वाटलं हा टाळतोय. नंतर वाचत गेले तसं कळलं की त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला तिथंच धरायला हवं होतं, पण ते अर्धं काय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आपल्यातले जे नुकतेच सिटिझन झालेत आणि पहिल्यांदा मत देणारेत (पीआर म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर मत देता येत नाही, शपथ झाल्यावरच), त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांच्या मुलांना शाळेत एखाद्या नेत्यावर प्रोजेक्ट आलाय त्यांनाही उपयोग होईल. वेळ साधारण एक संध्याकाळ लागते, एकदा सवय झाली की अर्धा तास.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि आडवा धरा. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा प्रांत, उजवीकडे लिहा ओटावा, म्हणजे इथली दिल्ली. कडेला वर्षं वरून खाली. एवढंच साधन. मोबाईलवर करू नका, कागदावरच करा, कारण या दोन बाजू एकाच वेळी डोळ्यासमोर असणं हीच यातली खरी गोष्ट आहे.

दोन बाजू कशाला, सरळ एक यादी का नको, तर आपल्या डोक्यात राजकारणाचा एकच जिना असतो. आधी झेडपी, मग आमदारकी, मग खासदारकी, दिल्लीत मंत्रिपद, पक्षाने सांगितलं की परत मुंबईत मुख्यमंत्री. शरद पवार १९९१ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि १९९३ मध्ये परत मुख्यमंत्री म्हणून आले, आपल्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मुख्यमंत्री राहिलेला माणूस पंतप्रधान होणं तर आपल्याकडे नेहमीचंच, मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, नरसिंह राव आंध्रचे, देवेगौडा कर्नाटकचे, मोदी गुजरातचे. हा जिना कॅनडात लावला की सगळं चुकतं. इथे प्रांताचा प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री राहिलेली आणि नंतर देशाची पंतप्रधान झालेली माणसं आजवर दोनच, जॉन थॉम्पसन आणि चार्ल्स टपर, दोघंही नोव्हा स्कोशियाचे आणि दोघंही १८९० च्या दशकातले, त्यातले टपर तर जेमतेम ६९ दिवस पंतप्रधान होते. त्यानंतर एकही नाही. रॉबर्ट स्टॅनफिल्ड हे नोव्हा स्कोशियाचे अकरा वर्षं प्रीमियर होते, लोक त्यांना खूप मान द्यायचे, १९६७ मध्ये ते फेडरल प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले आणि १९६८, १९७२, १९७४ अशा तीनही निवडणुका हरले. १९७२ ला तर लिबरल १०९ आणि हे १०७, दोन सीटांनी गेलं. मला याचं कारण असं वाटतं की प्रांतात तुम्ही ओटावाशी भांडून मोठे होता आणि मग त्याच ओटावासाठी दुसऱ्या प्रांतातल्या लोकांची मतं मागायला जाता, शिवाय फ्रेंच नीट येत नसेल तर क्यूबेकमध्ये फार काही हाती लागत नाही. म्हणून इथे हे दोन वेगळे जिने धरायचे, काही माणसं एकावरून उतरून दुसऱ्यावर चढतात.

आता पाटीवरची नावं. एमपी म्हणजे ओटावातला खासदार, हे सगळीकडे सारखं. प्रांतातल्या आमदाराला बीसी (ब्रिटिश कोलंबिया), अल्बर्टा वगैरे बहुतेक ठिकाणी एमएलए म्हणतात, ऑन्टारियोत एमपीपी, क्यूबेकमध्ये एमएनए, न्यूफाउंडलंडमध्ये एमएचए. ऑन्टारियोतलं एमपीपी वाचून बरेच जण खासदार समजतात, ते आमदारच. आणि सेनेटर दिसला तर तो निवडून आलेला नसतो, आपल्या राज्यसभेसारखं आमदार मत देतात असं इथे नाही, पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमणूक होते आणि वयाच्या ७५ पर्यंत पद राहतं. सेनेट, राजदूत, हाय कमिशनर अशा नेमणुका कागदावर कडेला वेगळ्या शाईने लिहा, कारण त्या लोकांनी दिलेल्या नसतात.

आता प्रत्यक्ष एक माणूस घेऊ. मी उज्जल दोसांझ निवडले कारण ते दोन्ही बाजूंना मोठ्या पदांवर होते, शिवाय आपल्याच देशातून आलेले, आणि त्यांच्या कागदावर जेवढे सापळे आहेत तेवढे एका माणसात सहसा सापडत नाहीत.

कागदाच्या वरती थोडी जागा सोडा, तिथे लिहायचं पद मिळायच्या आधीचं. दोसांझ मूळचे पंजाबातल्या जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलां गावचे. १९६४ मध्ये इंग्लंडला गेले, १९६८ मध्ये कॅनडाला, व्हँकूव्हरकडे लाकडाच्या मिलमध्ये काम केलं, पाठीला दुखापत झाली, मग शिकले आणि १९७६ मध्ये यूबीसी म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. शेतमजुरांच्या हक्कांसाठी काम केलं. हा भाग लोक गाळतात, मी गाळत नाही, कारण पुढे माणूस कशासाठी अडून बसेल ते बऱ्याचदा इथेच दिसतं.

मग डाव्या बाजूला पहिली नोंद, आणि ती पराभवाची. १९७९ ला एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, कामगारांचा पक्ष) कडून बीसी प्रांताच्या निवडणुकीत उभे, हरले. १९८३ ला परत, परत हरले. पराभव लिहायचेच, हे मी ठासून सांगते. पत्रकावर कोणी पराभव छापत नाही, पण पराभवानंतर माणूस काय करतो त्यावरून मला तरी सगळ्यात जास्त कळतं. आणि इथेच, दोन पराभवांनंतर, हातात कुठलंच पद नसताना, १९८५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर लोखंडी गजाने हल्ला झाला, कारण ते शीख समाजातल्या हिंसक अतिरेक्यांच्या विरोधात उघडपणे बोलत होते. डोक्याला ऐंशीच्या वर टाके पडले, हात मोडला. त्याच वर्षी २३ जूनला एअर इंडियाचं १८२ नंबरचं विमान बॉम्बने पाडलं गेलं आणि ३२९ माणसं गेली, म्हणजे ते ज्या धोक्याबद्दल सांगत होते तो किती खरा होता हे चार महिन्यांत सगळ्या देशाला कळलं. पदांची नुसती यादी केली असती तर १९८३ आणि १९९१ च्या मध्ये रिकामी जागा दिसली असती. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम त्या रिकाम्या जागेतलं आहे. म्हणून रिकामी वर्षं दिसली की थांबा आणि शोधा.

१९९१ ला व्हँकूव्हर-केन्सिंग्टनमधून एमएलए झाले. १९९५ मध्ये मंत्री, त्याच वर्षी ॲटर्नी जनरल. इथे आपल्या लोकांसाठी पहिला सापळा. आपल्याकडे ॲटर्नी जनरल किंवा राज्याचा महाधिवक्ता म्हणजे सरकारने नेमलेला मोठा वकील, मंत्रिमंडळाच्या बाहेरचा. कॅनडात ॲटर्नी जनरल हा मंत्री असतो, निवडून आलेला, कॅबिनेटमध्ये बसणारा, आणि तरीही खटल्यांच्या बाबतीत त्याने पक्ष बाजूला ठेवून वागावं अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा किती जड असते ते १९९९ मध्ये दिसलं. प्रीमियर ग्लेन क्लार्क, म्हणजे दोसांझ यांचेच नेते, त्यांच्या घराची मार्चमध्ये पोलिसांनी झडती घेतली, कॅसिनोच्या परवान्याचं प्रकरण होतं, आणि ऑगस्टमध्ये क्लार्क यांची गुन्हेगारी चौकशी चालू आहे हे जाहीर करायची वेळ ॲटर्नी जनरल म्हणून दोसांझ यांच्यावर आली. क्लार्क यांनी राजीनामा दिला. (२००२ मध्ये कोर्टाने क्लार्क यांना निर्दोष सोडलं, हेही कागदावर लिहा, अर्धी बातमी लिहून ठेवू नका, आपल्याकडे आरोप सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि निकाल कोणाच्याच नाही.)

त्यानंतर काही महिने डॅन मिलर यांनी कारभार बघितला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये पक्षाने नेता निवडला तो दोसांझ. कॅनडातल्या कुठल्याही प्रांताचे पहिले भारतीय वंशाचे प्रीमियर. हे पद त्यांना सार्वत्रिक निवडणुकीतून नाही तर पक्षाच्या निवडीतून मिळालं, म्हणून अशा नोंदीपुढे मी एक छोटा गोल काढते. गोल म्हणजे काही गैर झालं असं नाही, संसदीय पद्धतीत हे चालतंच, फक्त लोकांची परीक्षा अजून व्हायचीये एवढाच अर्थ.

ती परीक्षा १६ मे २००१ ला झाली. सरकारवर आधीपासूनच राग होता, फास्ट फेरी म्हणून ज्या तीन वेगवान बोटी बांधल्या त्यांचा खर्च ठरल्याच्या दुपटीच्या पुढे, साधारण ४५ कोटी डॉलरवर गेला होता, आणि ते ओझं दोसांझ यांना वारशात मिळालं होतं. मतदानाच्या आधीच त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की आपण हरतोय, निदान सभागृहात विरोधी पक्ष राहील एवढी मतं द्या. निकाल लागला तेव्हा ७९ पैकी ७७ सीट गॉर्डन कॅम्पबेल यांच्या बीसी लिबरल पक्षाला, एनडीपीला २. दोसांझ स्वतःची सीटही हरले. त्या दोनांतल्या एक जेनी क्वान, त्या पुढे २०१५ ला फेडरल एमपी झाल्या, एनडीपीतूनच, म्हणजे त्याच पक्षात राहून एका जिन्यावरून दुसऱ्यावर, त्यांचा कागद तुम्ही सरावासाठी करून बघा, सोपा आहे.

आता रेघ ओलांडायची. २००४ मध्ये दोसांझ व्हँकूव्हर साउथमधून फेडरल एमपी झाले, तेव्हाचे पंतप्रधान पॉल मार्टिन यांच्या लिबरल पक्षाकडून. आणि इथे दुसरा सापळा, माझ्या माहितीतले निम्मे लोक इथेच अडकतात. तीन वर्षांपूर्वी ज्या लिबरलांनी हरवलं त्यांच्याच पक्षात गेले, अरे वा, आयाराम गयाराम. पण नाही. बीसी लिबरल आणि फेडरल लिबरल हे दोन वेगळे पक्ष होते, सभासदत्व वेगळं, पैसा वेगळा, आणि बीसी लिबरलमध्ये तर ओटावात कॉन्झर्व्हेटिव्हना मत देणारे कितीतरी लोक होते. गोंधळ इतका की त्या पक्षाने २०२३ मध्ये स्वतःचं नावच बदलून बीसी युनायटेड केलं, आणि पुढच्या वर्षी तर निवडणुकीतूनच माघार घेतली. एनडीपीचं मात्र उलटं, तिथे बहुतेक प्रांतांत प्रांताचा पक्ष आणि फेडरल पक्ष एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे दोसांझ यांनी खरोखर पक्ष सोडला हे खरंच आहे, पण तो शत्रूला जाऊन मिळाल्यासारखा नाही.

म्हणून दोन्ही बाजूंना पक्षाचं नाव लिहिताना नुसतं लिबरल लिहू नका, बीसी लिबरल, क्यूबेक लिबरल, फेडरल लिबरल असं पूर्ण लिहा. जाँ शारे यांचा कागद करताना हे नाही पाळलं तर डोकं फिरेल. ते १९८४ ला फेडरल प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह एमपी, पुढे त्याच पक्षाचे नेते, १९९८ मध्ये एकदम क्यूबेक लिबरलचे नेते, २००३ ते २०१२ क्यूबेकचे प्रीमियर, आणि २०२२ मध्ये परत फेडरल कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतेपदासाठी उभे राहिले, पिएर पॉलिएव्ह यांच्याकडून हरले. वरवर बघितलं तर दोनदा उडी. पण क्यूबेकमध्ये तेव्हा खरी विभागणी होती ती कॅनडात राहायचं की वेगळं व्हायचं यावर, १९९५ च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या विरोधात जेमतेम ५०.५८ टक्के मतं पडली होती, आणि कॅनडात राहू इच्छिणाऱ्यांचा प्रांतातला मोठा पक्ष म्हणजे क्यूबेक लिबरल. त्या एका प्रश्नावर शारे कधी हलले नाहीत. उडी दिसली की नाव बघू नका, प्रश्न कोणता होता ते बघा.

पक्ष बदलला असेल तर अजून दोन गोष्टी तपासायच्या. बदलला तेव्हा माणूस सीटवर बसलेला होता का, आणि नंतर लोकांसमोर गेला का. कॅनडाच्या संसदेत आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, मधली जागा ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसलं तरी सीट राहते. मे २००५ मध्ये बेलिंडा स्ट्रॉनाक कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून लिबरलमध्ये आल्या आणि लगेच मंत्री झाल्या, त्याच आठवड्यात मार्टिन सरकार १५२ विरुद्ध १५२ अशा बरोबरीवर स्पीकरच्या मताने वाचलं. दोसांझ त्या सरकारात आरोग्यमंत्री होते. पण ते स्वतः पक्ष बदलून आले तेव्हा तीन वर्षं कुठल्याच सभागृहात नव्हते आणि नवीन पक्षाच्या नावावर लोकांकडून मतं घेऊन आले. मला हे दोन प्रकार सारखे वाटत नाहीत, तुमचं मत वेगळं असू शकतं, पण कागदावर फरक दिसला पाहिजे.

आणि आता तो डॉक्टरचा प्रश्न. जुलै २००४ मध्ये दोसांझ फेडरल आरोग्यमंत्री झाले. कॅनडात हॉस्पिटल चालवणं, डॉक्टरांचे दर ठरवणं, शाळा, जमिनी, नगरपालिका हे १८६७ च्या घटनेपासून प्रांताकडे. सैन्य, बँका, फौजदारी कायदा ओटावाकडे. मग फेडरल आरोग्यमंत्री करतो काय? तर पैसा देतो आणि पैशाबरोबर अटी घालतो, १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट त्यासाठीच आहे. सप्टेंबर २००४ मध्ये ओटावा आणि प्रांतांमध्ये करार झाला, दहा वर्षांत ४१ अब्ज डॉलर, आणि बदल्यात कॅन्सर, हृदय, स्कॅन, सांधे बदलणं आणि डोळ्यांची ऑपरेशनं या पाच गोष्टींत वेटिंग कमी करायचं. आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. ओटावाच्या बाजूला आरोग्यमंत्री दोसांझ, आणि समोर बीसीचे प्रीमियर म्हणून बसलेले गॉर्डन कॅम्पबेल, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी त्यांना हरवून घालवलं होतं. एका यादीत हे कधीच दिसलं नसतं. आणि दोन्ही खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला प्रांताची पैशाची ओढाताण काय असते हे कळतं, म्हणून अशी माणसं मला मोलाची वाटतात.

तर ते उरलेलं अर्धं हे. दारात आलेल्या माणसाला मी म्हणायला हवं होतं की डॉक्टर प्रांताकडे हे मान्य, पण तुमचा उमेदवार प्रांतात मंत्रीच होता ना, तेव्हा कॅबिनेटमध्ये बसून काय केलं, आणि आता ओटावात जाऊन प्रांताला पैसे देताना कोणती अट घालणार?

श्रेय देतानाही हेच. टॉमी डग्लस यांचं नाव सगळ्यांना माहितीये, सरकारी आरोग्यसेवेचे जनक. त्यांचा कागद काढा. आधी उजवीकडे, १९३५ ला सीसीएफ (एनडीपीच्या आधीचा पक्ष) चे एमपी. मग डावीकडे, १९४४ ते १९६१ सस्कॅचवनचे प्रीमियर, १९४७ मध्ये हॉस्पिटलचा विमा आणला. १९६१ मध्ये परत उजवीकडे, नव्या एनडीपीचे नेते. आणि डॉक्टरांच्या फीचा विमा, मेडिकेअर, सस्कॅचवनमध्ये सुरू झाला १ जुलै १९६२ ला. म्हणजे त्या दिवशी डग्लस प्रीमियर नव्हतेच! प्रीमियर होते वूड्रो लॉइड, डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप त्यांनी सोसला, माघार घेतली नाही आणि १९६४ ला निवडणूक हरले. त्यांचं नाव आज किती जणांना माहितीये? डग्लस यांचं मोठेपण यात कमी होत नाही, योजना त्यांचीच, पण रेघ मारली की लॉइड दिसतात. त्याच १९६२ च्या जूनमध्ये डग्लस स्वतः रेजायनामध्ये फेडरल सीट हरले, आणि ऑक्टोबरमध्ये बीसीतल्या बर्नाबी-कोक्विटलममधून पोटनिवडणुकीत आले, तिथल्या एमपीने त्यांच्यासाठी जागा सोडली होती. हा प्रकार इथे अजूनही चालतो, २०२५ मध्ये पॉलिएव्ह ओटावाजवळची आपली सीट हरले आणि अल्बर्टातून ऑगस्टमध्ये परत आले. म्हणून पोटनिवडणूक दिसली की जागा का रिकामी झाली ते शोधा.

दोष देतानाही तारीख बघा. बॉब रे यांचं नाव काढलं की ऑन्टारियोतले जुने लोक अजून रे डेज म्हणून चिडतात, १९९३ मध्ये त्यांच्या एनडीपी सरकारने सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला बारा दिवसांपर्यंत बिनपगारी रजा घ्यायला लावली होती. पण १९९० मध्ये ते प्रीमियर झाले तेव्हाच मोठी मंदी सुरू झाली होती, आणि तिने ऑन्टारियोचं कंबरडं मोडलं होतं. सगळा दोष जातो असं नाही, कामगारांच्या पक्षाने कामगारांचे करार उघडले हा घाव खोल होता, पण मंदीचं वर्ष कागदावर लिहिलं नाही तर तुम्ही अर्ध्या माहितीवर न्याय करताय. त्यांचाही कागद उजवा-डावा-उजवा असा आहे, १९७८ ला एनडीपी एमपी, १९७९ च्या डिसेंबरात जो क्लार्क यांचं सरकार ज्या ठरावावर १३९ विरुद्ध १३३ ने पडलं तो ठराव त्यांचा, मग ऑन्टारियो, मग २००८ ला फेडरल लिबरल म्हणून परत आणि २०११ ते २०१३ अंतरिम नेते.

कागद बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती. १८७३ पासून एकाच वेळी एमपी आणि प्रांताचा आमदार राहता येत नाही. (त्याआधी चालायचं, ऑन्टारियोचे पहिले प्रीमियर सँडफिल्ड मॅकडोनाल्ड एमपीही होते.) म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकाच तारखेला भरलेली दिसली तर तुमची कुठेतरी चूक झालीये, बहुतेक राजीनाम्याची तारीख राहिलीये. ती शोधा, कारण मुदत संपायच्या आत प्रांताची सीट सोडून कोणी ओटावाला गेलं असेल तर मतदारांवर पोटनिवडणूक पडली, आणि हा प्रश्न उमेदवाराला विचारण्यासारखा आहे.

माहिती कुठून काढायची. फेडरलसाठी संसदेच्या लायब्ररीचं पार्लइन्फो, त्यात निवडणुका, पदं, समित्या तारखांसकट मिळतात. प्रांतासाठी त्या त्या विधानसभेची वेबसाइट. कोण काय बोललं ते हॅन्सार्डमध्ये शब्दन् शब्द असतं, ओटावाचंही आणि प्रांतांचंही, नाव आणि विषय टाकून शोधता येतं. बिलांसाठी लेजिसइन्फो. मतांचे आकडे आणि देणग्या इलेक्शन्स कॅनडाकडे, प्रांताच्या निवडणुकांसाठी प्रांताचं वेगळं निवडणूक कार्यालय असतं, एकात दुसऱ्याचे आकडे सापडणार नाहीत, तिथे वेळ घालवू नका. जुनी वर्तमानपत्रं बऱ्याच पब्लिक लायब्ररींच्या कार्डावर घरबसल्या वाचता येतात. पत्रक आणि नेत्याची स्वतःची वेबसाइट सगळ्यात शेवटी बघा, कागद भरून झाल्यावर, म्हणजे त्यांनी काय गाळलंय ते लगेच दिसतं.

एक सांगते, कोणी कोणत्या बाजूने मत दिलं यावर फार वेळ घालवू नका, इथे पक्षाची शिस्त कडक असते, बहुतेक एमपी पक्षाबरोबरच मत देतात. त्यापेक्षा तो कुठल्या समितीत होता, स्वतःच्या नावावर बिल आणलं का, आणि पक्षाच्या विरोधात गेला असेल तर ती एखादी वेळ कोणती, हे बघा.

दोसांझ यांच्या कागदावर शेवटच्या दोन नोंदी. २००८ मध्ये व्हँकूव्हर साउथला इतकी अटीतटीची झाली की प्रकरण न्यायाधीशांसमोरच्या फेरमोजणीपर्यंत गेलं आणि ते २० मतांनी आले. २० मतं म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या एका मजल्यावरचे लोक. २०११ मध्ये त्याच वाय यंग, ज्या २० मतांनी हरल्या होत्या, दोसांझ यांना हरवून निवडून आल्या.

मी आता आमच्या रायडिंगमधल्या, म्हणजे मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराचा असा एक कागद करते आणि दाराजवळच्या खणात ठेवते, पेनासकट. कार्यकर्ता आला की त्याला आत बोलवते, चहा देते, कागद समोर ठेवते, आणि ज्या वर्षापुढे मी प्रश्नचिन्ह केलंय त्या वर्षावर बोट ठेवून विचारते की तेव्हा तुमचा माणूस कुठल्या खुर्चीवर होता आणि त्या खुर्चीवरून त्याने काय केलं. माहीत नसेल तर उमेदवाराच्या ऑफिसमधून ईमेलने उत्तर पाठवा म्हणते, आणि आलेलं उत्तर तारखेसकट त्याच कागदाच्या मागे उतरवते.